एकतीसनंतर एक

४ जानेवारी २००७, गुरुवार (सम)
भाईंदर पूर्व

प्रिय ईश्वरभावजी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही हे पत्र न फोडताच खणात टाकलं असेल, तर प्रश्नच मिटला. पण वाचताय असं धरून चालते. ह्यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही भरल्या पानावरून उठून नाशिकला निघून गेलात, त्यानंतर आपलं बोलणं नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहितेय. भांडण उकरून काढायचं नाही. एक साधी गोष्ट विचारायची आहे, ती शेवटी विचारते.

तारखेपुढे कंसात ‘सम’ का लिहिलंय, असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्या गल्लीत आता सगळे तारीख अशीच सांगतात. लग्नपत्रिका आली तरी आधी सम की विषम ते बघतात. बिल्डरनं आमच्या इमारतीखालचं पार्किंग भिंती घालून दुकानांना विकलं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यात स्टेशनला जाणारे लोक सकाळी आमच्या दारात गाड्या टाकून दिवसभर मुंबईला गडप होतात. शेवटी ट्रॅफिकवाल्यांनी दोन्ही बाजूंना पाट्या ठोकल्या. विषम तारखेला गाड्या आमच्या बाजूला, सम तारखेला समोर, दुकानांच्या बाजूला. सकाळी आठच्या आत गाडी हलली नाही, की टोइंगची व्हॅन येऊन उचलून नेते.

आता मला गाडी चालवता येत नाही, हे तुम्ही पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलंतच. “चालवता येत नाही तर मला द्या, नाहीतर गंजू द्या,” असं म्हणालात. मी दिली नाही. ह्यांची मारुती डोळ्यांसमोर असली की बरं वाटतं, याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

तर गाडी रोज रस्ता ओलांडवणार कोण? त्यासाठी शेजारच्या खारी गावातला धर्माजी आहे. पाट्या लागल्या आणि पंधरवड्यात त्यानं धंदा उभा केला. महिन्याचे पैसे ठरवून घ्यायचे, चावी त्याच्याकडे ठेवायची. रोज सकाळी तो गल्लीतल्या सगळ्या गाड्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला लावतो. सगळ्या चाव्या तारेच्या एका मोठ्या कड्यात अडकवलेल्या असतात. तो चालायला लागला की खुळखुळ ऐकू येते आणि सात वाजले हे घड्याळ न बघता कळतं. बोलायला गोड, मला काकी म्हणतो. दोन चाव्यांतली एक मीही त्याला दिली.

एक तारखेला गंमत झाली. एकतीस विषम, एकही विषम. महिना एकतीसचा असला की दुसऱ्या दिवशी कोणाला गाडी हलवावी लागत नाही. त्या दिवशी धर्माजीची सुट्टी असते आणि गल्लीत सगळे उशिरापर्यंत झोपतात. मी गॅलरीत आले तर सगळ्या गाड्या आमच्या बाजूला, आणि आपली एकटी मारुती समोर, दुकानांसमोर, नाक भिंतीकडे करून. चुकलेल्या पोरासारखी उभी होती. मी धर्माजीला निरोप पाठवला. तो धावत आला, माझ्याकडे न बघता गाडीत बसला आणि “हवा भरून आणतो, काकी” म्हणून जो गेला तो संध्याकाळी परत आला.

आता माझा प्रश्न. गाडीच्या पुढच्या दोन दिव्यांपैकी एकाची काच ह्यांनी कधी बदलली होती का? डावीकडची पिवळी पडलेली आहे. उजवीकडची अगदी नवी कोरी दिसतेय. तुम्ही दोघं रविवारी तासन् तास त्या गाडीत डोकं घालून बसायचात, म्हणून तुम्हाला विचारतेय. सहज विचारतेय. पण उत्तर पाठवा.

तुमची,
सुचेतावहिनी


११ जानेवारी, गुरुवार (विषम)

प्रिय ईश्वरभावजी,

तुमचं उत्तर नाही. असू दे. कॉलेजात परीक्षा असतील.

आमच्याकडे उत्तनजवळच्या डोंगरीहून सुकी मासळी घेऊन येणारी ॲग्नेस तुम्हाला आठवते का? तुम्ही आलात की तिच्याकडचे बोंबील पाटीसकट संपवायचात. ती पायरीवर बसली की वरच्या शहाबेन धाडकन दार लावतात आणि ॲग्नेस मुद्दाम मोठ्यानं, “केम छो, बेन?” म्हणून विचारते. नवीन वर्ष लागल्यापासून ती आली नव्हती. परवा तिचा नवरा वॉल्टर आला, रिकाम्या हातानं. वर्षअखेरच्या रात्रीची चर्चमधली मिस्सा आटपून दोघं घरी चालली होती. मागून गाडी आली आणि ॲग्नेसला उडवून गेली. मांडीचं हाड मोडलंय. वॉल्टर चार पावलं मागं राहिला होता म्हणून वाचला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आहे, पण त्यात ‘अज्ञात वाहन’ एवढंच आहे. त्या रात्री उत्तनकडच्या रस्त्यानं पार्टीला जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते. त्यातली कोणती, ते कोण सांगणार?

काल मी थर्मासमध्ये पेज घेऊन हॉस्पिटलात गेले. ॲग्नेस पायाला वजन बांधून पडलीय. मला बघून हसली आणि मग रडली. मी विचारलं, काही दिसलं का गं?

“मना काय दिसला न्हाय, बाय,” ती म्हणाली. “उजेड डोल्यावर आला ना मी पडली. मंग ती गाडी मांगं आली. मांगं येताना तिच्यात पाखरू वरडला. वरडला ना मधीच गप झाला.”

आणि तिनं तो आवाज काढून दाखवला. वॉल्टर म्हणाला, हो, मीसुद्धा ऐकला, अगदी असाच.

मी पेज तशीच ठेवून निघाले. भावजी, गाडी मागे घेताना वाजणारं ते चिवचिवणारं यंत्र तुम्ही नाशिकहून आणून बसवलं होतंत. एका पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं आणि तेव्हापासून ते अर्ध्यावर बंद पडतं. हे म्हणायचे, ईश्वरची चिमणी दमेकरी निघाली. तसली यंत्रं बाजारात खूप असतील ना? पाणी शिरलं की सगळीच तशी बिघडत असतील. मला यातलं काही कळत नाही. तेवढं एक कळवा.

आज विषम. गाडी माझ्या खिडकीखाली उभी आहे. मी खिडकी लावून घेतली आहे.

सुचेतावहिनी


१६ जानेवारी, मंगळवार (सम)

प्रिय ईश्वरभावजी,

तुमचं कार्ड मिळालं. आठ महिन्यांनी एक ओळ: “दादाने काच कधीही बदलली नव्हती.” खाली नुसतं ‘ईश्वर’. चिमणीबद्दल अक्षर नाही. पण तुम्ही लिहिलंत, याचं मला इतकं बरं वाटलं की कार्ड हातात घेऊन मी जिन्यातच बसले. मग त्याचा अर्थ ध्यानात आला.

आता लपवण्यात अर्थ नाही. ॲग्नेसला आपल्या गाडीनं उडवलं.

एकतीसच्या रात्री धर्माजीनं ती कोणाला तरी भाड्यानं दिली होती. ती परत आणून लावणारा गल्लीतला नव्हता. त्याला पाट्या ठाऊक होत्या, पण एवढंच ठाऊक होतं की बाजू रोज बदलते. काल विषम, म्हणजे आज सम, असा हिशेब करून त्यानं गाडी समोर लावली. एकतीसनंतर एक येतो, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही विसरलं नसतं.

आणि आपली एकटीच गाडी नाही हो. काल मी धर्माजीला जिन्यात गाठलं आणि विचारलं, एकतीसच्या रात्री गाडी कुठं होती? वाटलं होतं, कानांवर हात ठेवेल. त्यानं हसून कडं बोटावर फिरवलं.

“काकी, गाडी दिवसभर झोपते, रात्रभर झोपते. गल्लीतल्या सगळ्याच झोपतात. कोणाला अडचण असली, लग्न असलं, पार्टी असली, तर दोन-चार तास देतो. सकाळी जागेवर हाय ना? कोणाचं काय गेलं?”

“एका बाईचं हाड मोडलंय.”

तेव्हा कडं फिरायचं थांबलं. “पोरं व्हती, काकी. घाबरली. आता काय करनार?” मग तो एक पायरी वर आला. “गाडी कोनाच्या नावावर हाय? साहेबांच्या. साहेब तर गेले. मग पोलीस कोनाला विचारनार? चावी तुम्हीच दिली ना, आपल्या हातानं? मी बोलनार, मला न्हाय माहीत, काकींनी कोनाला दिली असंल. तुम्ही एकट्या राहता. टेन्शन नका घेऊ.”

हे शेवटचं वाक्य तो इतक्या मायेनं म्हणाला की मी कठडा धरून एक पायरी वर सरकले. गाडीचे कागद मी अजून माझ्या नावावर केलेले नाहीत, हेसुद्धा त्याला माहीत आहे. मी चावी परत मागितली तर म्हणाला, शोधतो, कुठं तरी पडली असंल. कड्यात डोळ्यांसमोर लटकत होती.

तुम्ही वर्गात पोरांना शिकवता ना, पडून असलेली वस्तू म्हणजे वाया जाणारी संपत्ती. ह्यांनाही जेवताना ऐकवायचात. तेव्हा मला ते पटायचं. आता गल्लीत रांगेनं झोपलेल्या गाड्या बघितल्या की मी एकेकीचे दिवे, बंपर तपासत चालते. कोणती कुठं जाऊन आली असेल, कोणाला ठाऊक.

मला भीती वाटतेय, भावजी. दाराला आतून खुर्ची लावते. सकाळी चाव्यांचा आवाज आला की आधी तो कोणत्या मजल्यावर थांबतो ते ऐकते, मगच चहा ठेवते.

सुचेतावहिनी


२२ जानेवारी, सोमवार (सम)

प्रिय ईश्वरभावजी,

मी भित्री आहे हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. झुरळ दिसलं तर मी अजून ह्यांना हाक मारते. पण अगदीच गप्प बसले नाही, एवढं कळवण्यासाठी लिहितेय.

आधी चौकीत गेले. हवालदार भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, गाडी घेऊन या. गाडी बघितल्याशिवाय काय लिहू?” मी म्हटलं, मला चालवता येत नाही. तो म्हणाला, मग चालवणाऱ्याला घेऊन या. आता चालवणारा कोण, ते मी कोणत्या तोंडानं सांगू? बाहेर आले तर समोरच्या टपरीवर धर्माजी चहा पीत होता. “काकी, इकडं कुठं?” मी सांगितलं, मटार घ्यायला. मग खरंच दोन किलो मटार घेतले. घरी येऊन सोलत बसले आणि सोलताना रडले. संध्याकाळी त्यानं खालून विचारलं, “मटार गोड निघाले का?”

परवा महापालिकेनं आमच्या रस्त्याबद्दल लोकांना बोलावलं होतं. आता इथे पैसे घेऊन पार्किंग करायचं म्हणतात. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार ओरडत होते की गिऱ्हाईक पळेल. आमच्या इमारतीचे लोक ओरडत होते की स्वतःच्या दारात कसले पैसे? भाड्याच्या खोलीत दोन माणसं दाटीवाटीनं राहतात त्याचं भाडं देतात, पण तेवढ्याच जागेत उभ्या राहणाऱ्या गाडीला फुकट जागा हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. फुकट मिळतं तिथं रांग लागते, आणि रांग लागली की तिथं कोणी तरी रांगेचा मालक होतो, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. आमच्या रांगेचा मालक मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पैसे घेऊन पार्किंग झालं, तर गाड्या दोन्ही तारखांना जागच्या जागी राहतील आणि चाव्या ज्याच्या त्याच्या घरी जातील. म्हणून तोही आला होता.

माझं नाव पुकारलं. मी ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. कोणाच्या गाड्या रात्री कुठं जातात, ते सगळ्यांसमोर सांगायचं. माईक हातात घेतला. मागून खुळखुळ आली. त्यानं फक्त एकदाच कडं हलवलं.

मी म्हणाले, दिवसा बाहेरच्यांकडून तासावर पैसे घ्या, इथे राहणाऱ्यांना महिन्याचा पास द्या, आणि बिल्डरनं बुजवलेलं पार्किंग आधी उघडा. टाळ्यासुद्धा पडल्या. एक शहाणा माणूस म्हणाला, ताई अगदी मुद्द्याचं बोलल्या. मी खाली बसले तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटली की घरापर्यंत मान वर केली नाही.

ॲग्नेसला घरी सोडलंय; तोवर मी पेज नेऊन देत होते, पण गाडीचं सांगितलं नाही. पुन्हा ऑपरेशन लागेल म्हणतात. गाडीचा नंबर मिळाला तर विम्यातून भरपाईचा दावा तरी करता येईल, असं वॉल्टरला कोणी तरी सांगितलंय. तो रोज चौकीत जाऊन विचारतो, गाडी सापडली का?

तुम्ही या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तुम्ही आलात तर बरं होईल.

सुचेतावहिनी


२९ जानेवारी, सोमवार (विषम)

प्रिय ईश्वरभावजी,

घाईत लिहितेय. धर्माजी शुक्रवारी, दोन तारखेला, गाडी रंगवायला नेणार आहे. “फुकट रंगवून देतो, काकी, साहेबांची आठवण हाय.” बंपर ठोकून सरळ करणार, पुढची पत्र्याची पट्टी बदलणार. काच बदललीच आहे. मग त्या गाडीत दाखवण्यासारखं काही उरणार नाही आणि ॲग्नेसला आयुष्यभर ‘अज्ञात वाहन’ एवढ्यावरच भागवावं लागेल.

काल बसनं डोंगरीला गेले आणि वॉल्टरला सांगितलं की गाडी माझी. वाटलं होतं शिव्या देईल. तो खाटेच्या कडेला बसला. ॲग्नेसनं भिंतीकडे तोंड केलं. वॉल्टर म्हणाला, “येवढे दिस तुमी पेज घेवन येत व्हत्या, ना बोलल्या न्हाय?” मी म्हटलं, भीती वाटत होती. तो म्हणाला, “ना आता?” मी म्हटलं, आताही वाटते. मग मी काय ठरवलंय ते सांगितलं. “येन मी,” एवढंच तो म्हणाला. बसपर्यंत सोडायला मात्र आला नाही.

भावजी, तुम्ही हसाल. गेल्या मंगळवारपासून मी मिरा रोडला मोटार शिकायला जातेय. इथल्या कोणी बघू नये म्हणून तिकडे. शिकवणारा पोरगेला माणूस आहे, माझ्यावर सारखा ओरडतो, “आंटी, क्लच छोडो! अरे, धीरे छोडो!” मी धीरे सोडते तरी गाडी आचके देऊन मरते. त्याला विचारलं, फक्त रस्ता ओलांडण्याइतकं येईल का? तो म्हणाला, उसके लिए गाडी क्यों, आंटी, पैदल जाओ ना.

पण मला तेवढंच हवंय. हवालदार म्हणाला, गाडी घेऊन या. मला चौकीपर्यंत नेता येणार नाही. पण चुकीच्या बाजूला लावली, तर पोलीस स्वतःच येऊन नेतील. इतर दिवशी धर्माजी सातला हजर असतो. एकतीसनंतर एक येतो त्या दिवशी तो गल्लीत नसतो. तो दिवस परवाच्या दुसऱ्या दिवशी आहे.

ह्यांची चावी माझ्याकडे आहे. ती उशाखाली घेऊन झोपते.

सुचेतावहिनी


३१ जानेवारी, बुधवार (विषम)

प्रिय ईश्वरभावजी,

दुपारी धर्माजी विचारून गेला, “काकी, मिरा रोडला काय काम असतं रोज?” मी म्हटलं, भिशी. तो हसला. त्याला काय कळलंय आणि काय नाही, मला समजत नाही. जेवण गेलं नाही.

उद्या माझं काही झालं तर हे कार्ड आणि आधीची पत्रं वॉल्टरला द्या. पत्ता: चर्चच्या मागे, डोंगरी, उत्तनमार्गे.

सुचेतावहिनी


१ फेब्रुवारी, गुरुवार (विषम)

प्रिय ईश्वरभावजी,

हे पत्र ट्रॅफिक पोलिसांच्या आवारातल्या बाकावर बसून सुरू करतेय. अक्षर वाकडं येतंय, चालवून घ्या.

सकाळी साडेसातला खाली उतरले. गल्लीत सामसूम होती. वॉल्टर समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाडीत बसले. आत ह्यांच्या तपकिरीचा वास अजून आहे हो. चावी फिरवली आणि क्लच सोडला, गाडी मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. तिसऱ्यांदा आचके देत निघाली आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून “धीरे, धीरे” असं मोठ्यानं म्हणत होते. रस्त्याच्या मधोमध एक दूधवाला सायकल टाकून पळाला.

समोर पोचले, पण गाडी तिरकी, अर्धी रस्त्यात. नीट लावायची तर मागे घ्यायला हवी. मागचा गिअर टाकला आणि तुमची चिमणी ओरडली. चिव चिव चिव करून अर्ध्यावर गप्प झाली. भावजी, त्या गल्लीत हा आवाज आम्ही हजारदा ऐकला असेल, हसलो असू. आज वॉल्टर पायरीवरून उठून उभा राहिला. त्यानं छातीवर क्रूस केला आणि तिथेच भिंतीला धरून राहिला. मी गाडी बंद केली आणि चारी दारं आतून लावून घेतली.

पानवाल्यानं धर्माजीला फोन केला असावा. खुळखुळ लांबूनच ऐकू आली. आज तो धावत होता. खिडकीवर त्यानं चावीनं टकटक केली. “काकी, चुकीच्या बाजूला लावली ना. उतरा, मी लावतो.” मी मान हलवली. तो चेहरा काचेजवळ आणून अगदी हळू म्हणाला, “काकी, उतरा. घरी एकट्या असता तुम्ही.” आणि कड्यातून आपली चावी काढून दाराला लावली.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. दार उघडलं गेलं, त्यानं माझा दंड धरला, तरी मी हॉर्नवर छाती टाकून पडले होते. खिडक्या उघडल्या. शहाबेन गाऊनमध्ये गॅलरीत येऊन किंचाळल्या, “अरे, बेनने हाथ केम लगाड्यो?” दुकानदार खाली उतरले. वॉल्टर रस्ता ओलांडून आला आणि धर्माजीच्या मागे उभा राहिला. धर्माजीनं माझा दंड सोडला.

तेवढ्यात व्हॅन आली. त्यांचा भोंगा नेहमीसारखा कंटाळलेल्या आवाजात सुरू झाला: पांढरी मारुती, एम एच शून्य चार, आणि मग पुढचा सगळा नंबर, एकेक आकडा सुटा करून, दोनदा. वॉल्टरनं खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतला. एक महिनाभर चौकीत जाऊन त्याला जो मिळाला नाही, तो नंबर पोलिसांनी गल्लीभर ओरडून सांगितला.

व्हॅनमधला हवालदार म्हणाला, “ताई, खाली उतरा, गाडी उचलायची आहे.” मी म्हटलं, माझ्यासकट उचला. बराच वेळ वाद झाला. धर्माजी मध्ये मध्ये सांगत होता, “साहेब, घरचा मामला हाय, मी लावतो ना गाडी.” शेवटी हवालदारच वैतागून माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यांनी पुढची चाकं वर उचलली. मी तशीच, आभाळाकडे तोंड करून, स्टिअरिंग धरून बसलेली. मागच्या काचेतून बघितलं तर धर्माजी रस्त्यात उभा होता आणि गल्लीतले लोक त्याच्याभोवती जमले होते. शहाबेन वरून आपल्या गाडीची चावी मागत होत्या. मग दुसऱ्यांनीही मागायला सुरुवात केली.

इथल्या साहेबांनी विचारलं, गाडी कोणाची? मी म्हटलं, माझ्या मिस्टरांची, ते वारले, आता माझी. चालवत कोण होतं? आज मी. परवाना? नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, त्याचा दंड मी भरते, पण आधी समोरचा बंपर बघा, उजवी काच बघा, आणि तो बाहेर टोपी घेऊन उभा आहे त्याला आत बोलवा. त्यांनी हवालदाराला गाडी मागे घ्यायला लावली. चिमणी ओरडली आणि अर्ध्यावर गप्प झाली. वॉल्टर म्हणाला, “हाच.” त्यांनी जबाब लिहायला घेतला. चौकीतून वॉल्टरची तक्रार मागवली आणि ‘अज्ञात वाहन’ खोडून त्या जागी नंबर घातला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

संध्याकाळ.

मघाशी पत्र अर्धं राहिलं. धर्माजीला चौकशीला बोलावलंय म्हणतात. बोलावलंय, धरलेलं नाही. ती पोरं कोण होती, तेही अजून कळायचं आहे. माझ्यावर काय येईल, ते साहेबांनी स्पष्ट सांगितलं नाही. मी फार घाबरले आहे, भावजी. घरी जायचं म्हणून उठले आणि पुन्हा बाकावर बसले. धर्माजी ज्या जिन्यात एक पायरी वर आला होता, तो जिना आठवत होता. वॉल्टर फाटकापाशी थांबला होता. मी म्हटलं, तुम्ही जा, ॲग्नेस वाट बघत असेल. तो म्हणाला, “तिनीच सांगितलाय, बायला घेवन ये.”

म्हणून आता ॲग्नेसच्या खाटेपाशी बसून हे पुरं करतेय. ती माझ्याशी अजून नीट बोललेली नाही. पण मघाशी म्हणाली, “तुमचे देराला कळवलाव का?” आणि उशीखालून पेन काढून दिलं.

गाडी पोलिसांकडे आहे. सुटली की तुमची. मी ती आता अडवणार नाही. पण त्यासाठी येऊ नका, माझ्यासाठी या. उत्तर लिहायचं असेल तर कालच्या कार्डातल्या वॉल्टरच्या पत्त्यावर लिहा, पण लिहिण्यापेक्षा याच. डोंगरीत सम-विषम नाही, भावजी. कुठल्याही तारखेला या.

तुमची,
सुचेतावहिनी